शिवणीच्या डबीतली खोट

"वाजवन बघा," सगुण मेस्त्री म्हणाला. डबी त्याने अच्युतच्या हातात दिली नाही. आमच्या दोघांच्या मधे, रंध्याच्या ढलप्यांवर ठेवली आणि हात मागे घेतला.

वीतभर लांबीची, होडीसारखी कोरलेली, शिवणीच्या लाकडाची डबी. वरून उघडी, कडा नखासारख्या पातळ. तिच्यावर फणसाच्या लाकडाचं झाकण, एका टोकाला स्क्रूने अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला धरायला शेपटी. झाकणाच्या पोटाला खडू घासायचा आणि ते कडेवरून हलकेच ओढायचं, एवढीच करामत.

अच्युतने ओढलं. कुक्, कुक्, कुक्. थेट रानकोंबडीची हाक, जिला भुलून रानकोंबडा बंदुकीच्या टप्प्यात येतो. मेस्त्रीच्या अंगणात उकिरडा उकरणारा कोंबडा एका पायावर थांबला आणि मान वाकडी करून आमच्याकडे बघू लागला.

"बघ, गावठी नवरा फसला," अच्युत मला म्हणाला आणि पुन्हा झाकण ओढलं. या वेळी पूर्ण. कुक्, कुक्, कुक्, आणि शेवटाला एक बारीक उचकी. खट्. कोंबड्याने पाय खाली टेकला आणि परत उकिरड्यात तोंड घातलं.

"हे काय?"

"खोट," मेस्त्री म्हणाला.

"ती ऐकू आली मला. काढ ना मग."

"ती आसताच."

"असतेच म्हणजे?"

"माझ्या सगळ्या डब्यांका आसता."

अच्युतने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मेस्त्रीकडे बघत होतो. माणूस पहिल्यांदा भेटला की मनात दोन रकाने आखायची मला सवय होती: दाखवतो किती आणि लपवतो किती. अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि हा हिशेब आजवर चुकला नाही असा माझा समज होता. सगुण मेस्त्री साठीच्या पुढचा, काटकुळा, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. दाखवण्याच्या रकान्यात मी शून्य मांडलं.

हे सदुसष्ट सालचं. मी सांगलीकडचा. मोजणी खात्यात सर्व्हेअर म्हणून आंबोली घाटाच्या पायथ्याला खांबडेवाडीत आलो होतो. गावात कुलूप लागणारी रिकामी खोली एकच होती, प्रभुदेसायांच्या माडीवर. त्यांचा अच्युत माझ्याच वयाचा, बेळगावला कॉलेज करून परतलेला, पत्ते, विडी आणि बंदूक या तिन्हींत मन रमवणारा. आमचं जमलं. तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि शेतीच्या राखणीसाठी म्हणून घरटी एक बंदूक असायची. ती रानडुकरांवर कमी आणि रानकोंबड्यांवर जास्त चालायची.

ज्या कामासाठी मी आलो होतो, ते प्रभुदेसायांची काजूची बाग आणि सगुण मेस्त्रीची भरड जमीन यांच्या मधल्या हद्दीचं होतं. मोजणी आठवड्यापूर्वी झाली होती. दगड मेस्त्रीच्या बाजूला अकरा फूट आत गेला. मोजणी खरी होती. आजही देवासमोर सांगेन. पण ज्याच्या घरी जेवतो त्याच्या बाजूने हद्द सरकली, की खरी मोजणीही तोंड लपवत फिरते. मेस्त्रीने वरच्या ऑफिसात तक्रार केली होती, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने आम्हाला पाट दिला, कोरा चहा दिला आणि दगडाचं नाव काढलं नाही. हेही मी लपवण्याच्या रकान्यात टाकलं.

"ती काय?" मी वर बोट दाखवलं. भिंतीतल्या फळीवर मांजरपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कापडाच्या फटीतून काळं पडलेलं लाकूड दिसत होतं.

"तसलीच एक. जुनी."

"वाजते?"

"वाजता."

"तिलाही खोट?"

मेस्त्रीने चहाची वाटी खाली ठेवली. "नाय," म्हणाला.

"आणि ती विकायची नाही."

"नाय."

सापडला, मी मनात म्हटलं. चांगली डबी घरात आणि उचकी लागलेली गिऱ्हाइकाला. सगळ्या खोऱ्यात हा एकटाच डब्या करणारा. सगळ्यांची शिकार थोडी थोडी बिघडलेली राहिली, तर रानातलं पाखरू याच्याच घरी जास्त. मी खिशातली पोलादी पट्टी काढली, झाकण उलटं केलं आणि मुठीच्या बाजूला झाकणाच्या पोटात कोरलेली खाच शोधून काढली. केसाच्या टोकाने काढावी तशी नाजूक.

"अर्धा सूत," मी म्हणालो. "मेस्त्री, तुमची अर्ध्या सुताची चोरी पकडली बघा. लाखेचा एक थेंब टाकला की बुजली."

अच्युत हसला. मेस्त्री हसला नाही. "त्या खाचेक हात लावू नकात," म्हणाला.

"का?"

"तां बोलूचां नसतां."

"देवाची भानगड असणार," अच्युत मला म्हणाला. "यांचं सगळं असंच असतं. घराला दार किती हात, नांगराला लाकूड कोणत्या वारी. विचारलं की, बोलूचां नसतां."

तेवढ्यात मागच्या दाराने मेस्त्रीचा मुलगा आत आला. आत्माराम. पंचविशीचा, बापाच्या दुप्पट रुंद आणि बापाच्या चौपट बोलणारा. खांद्यावरची बंदूक त्याने कोपऱ्यात टेकवली आणि अच्युतला बघून हसला.

"काय आत्मो, यंदा किती मारलेस?" अच्युतने विचारलं.

"तुमच्या बागेतले सोडून सगळे."

"बागेतले का सोडलेस?"

"बाग खय संपता तां आता दर आठवड्याक बदलता. चुकान तुमचो कोंबो मारलंय तर?" मग माझ्याकडे वळून, "सायबानू, तुमचो दगड बघून इलंय. बरो बसलो हा. आमच्या आंब्याच्या मुळार."

"नकाशाप्रमाणे बसलाय," मी म्हणालो.

"नकाशात आंबो नाय?"

"नकाशात झाडं नसतात."

"मगे नकाशातच ठेवचो होतो दगड," तो म्हणाला आणि आम्ही तिघं हसलो. "एक दिवस घालतंय गोळी त्या दगडाक. बघूया, कोणाक लागता ती." आम्ही पुन्हा हसलो.

"आत्मो," मेस्त्री एवढंच म्हणाला. आत्माराम गप्प झाला, पण हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. लपवण्याच्या रकान्यात त्याच्या नावावर काहीच नव्हतं. मला तो आवडला.

निघताना मेस्त्रीने अच्युतकडून नारळ घेतला. डबीबद्दल तो नारळच घ्यायचा. उंबऱ्यापर्यंत आला आणि पुन्हा म्हणाला, "बाबानू, खाचेक हात लावू नकात हां." मोजक्या बोलणाऱ्या माणसाने एक गोष्ट दोनदा सांगितली. त्यानेच माझा संशय पक्का झाला.

दुपारी माडीवर अच्युत डबी वाजवत बसला. कुक्, कुक्, कुक्, खट्. कुक्, कुक्, कुक्, खट्.

"नारळ परत आणतो," तो म्हणाला.

"आण इकडे."

नकाशांची पाकिटं सीलबंद करायला ऑफिसची लाल लाख माझ्याजवळ असायची. मी मेणबत्ती पेटवली, कांडी तापवली, झाकण उलटं धरून खाचेत एक थेंब सोडला. गार झाल्यावर दाढीच्या पात्याने तासून पोटाशी सपाट केला. वर खडू घासला. आता लाल रंगही दिसेना.

"ओढ," मी म्हणालो.

अच्युतने ओढलं. एकदा, दोनदा, दहादा. उचकी गेली. आवाज असा गोल आला, की खालच्या परसातून त्याच्या आईने विचारलं, "कोंबी खयच्यान शिरली रे माडयेर?" अच्युतने माझ्या पाठीत थाप मारली. "मेस्त्रीच्या बापाला नसतं जमलं," म्हणाला. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच गेला. मला बोलावलं होतं, पण मला पाकिटं पुरी करायची होती. मी मागच्या पडवीत आरसा खुंटीला लावून दाढी करत होतो. ऊन नुकतं घाटावरून खाली उतरत होतं. बागेपलीकडच्या चढावरून आवाज येऊ लागला. कुक्, कुक्, कुक्. थांबणं. कुक्, कुक्, कुक्. मी ब्रश हातात धरून ऐकत राहिलो. तो अच्युत आहे हे मला ठाऊक होतं, तरी झुडपाखालची कोंबडी डोळ्यांसमोर आली. तिसऱ्यांदा आवाज आला, आणि मग बार.

मिळाला, मी मनात म्हटलं, आणि उजव्या गालाला साबण लावला.

डावा गाल झाला होता, उजव्याला पातं लावणार तोच परसाच्या गडग्यावरून कोणीतरी उडी टाकली. आत्माराम होता. बंदूक जवळ नव्हती, पायात वहाण नव्हती. धावत येऊन त्याने माझे दोन्ही दंड धरले.

"खोट नाय होती हो, सायबानू! खोट नाय होती!"

"काय झालं?"

"तीन येळा थांबान ऐकलंय. तीन येळा! माझ्या बापाशीची डबी आसती तर उचकी इली आसती. नाय इली. पाखरूच होतां. देवाशपथ, पाखरूच होतां..."

त्याच्या हातांना रक्त होतं, आणि ते माझ्या बनियनला लागलं. त्या क्षणी मला खोट कळली. कोणी समजावून सांगितली नाही, सांगायची गरजही उरली नव्हती. त्या खोऱ्यात बंदूक धरणारा प्रत्येक माणूस हाक ऐकली की शेवटापर्यंत थांबायचा. उचकी आली, की झुडपाआड माणूस. नाही आली, की पाखरू. वर्षानुवर्षं हे एवढं चालत आलेलं होतं, इतकं, की ते कोणी कोणाला सांगत नव्हतं. बेळगावला शिकलेल्या अच्युतला कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगायचा प्रश्नच नव्हता.

मी उजव्या गालावर साबण तसाच घेऊन त्याच्यामागे धावलो.

अच्युत करवंदीच्या जाळीमागे, कातळाला पाठ लावून बसलेला होता. बसलेलाच वाटला. छऱ्यांनी त्याचा गळा उघडला होता. डबी दोन हातांवर कातळावर पडलेली होती, झाकण फिरून उताणं झालेलं. खाच मोकळी होती. शेजारी मसुरीच्या डाळीएवढा लाल तुकडा. कातळावर आपटून लाख सुटली होती.

आत्माराम जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हेल काढत होता. मी अच्युतजवळ वाकलो. बघणाऱ्याला वाटलं असतं, नाडी बघतोय. मी तो तुकडा उचलला आणि खिशात टाकला.

का उचलला? त्या वेळी असं म्हणालो, की उगाच घोटाळा नको. आज तेवढंही म्हणत नाही.

फौजदार दुपारी आला. घटनास्थळाचा नकाशा हवा होता आणि मोजणीवाला गावातच होता. तेव्हा साखळी मीच धरली. बंदुकीपासून जाळीपर्यंत बासष्ट फूट. जाळीपासून हद्दीच्या दगडापर्यंत एकोणीस. मी आकडे वाचले, फौजदाराने लिहिले. डबी कापडात बांधून तिच्यावर सील मारायला त्याच्याजवळ लाख नव्हती. माझ्याकडची दिली.

एकोणीस फुटांनी आत्मारामचा घात केला. हद्दीचा तंटा चालू, प्रेत दगडाच्या एवढं जवळ, आणि मारणारा हरलेल्या पक्षाचा. थोरल्या प्रभुदेसायांनी रत्नागिरीचा मोठा वकील दिला, सरकारी वकिलाच्या जोडीला. अपघात हा शब्द कोणी तोंडातून काढेना.

साक्षीला मला बोलावलं. आधी नकाशा. तो मी समजावून सांगितला. मग सरकारी वकिलाने विचारलं, "आदल्या दिवशी आरोपी दगडाविषयी काही बोलला होता?"

"बोलला होता."

"काय?"

"एक दिवस त्या दगडाक घालतंय गोळी, बघूया कोणाक लागता ती."

"हे तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"हो."

"आणि त्यावर काय झालं?"

"आम्ही हसलो," मी म्हणालो. हसण्याची नोंद झाली नाही. मुद्द्याला धरून नाही म्हणून वकिलाने ती गाळायला लावली.

आत्मारामचा वकील तरुण होता, सरकारने नेमून दिलेला. त्याने मला एकच गोष्ट विचारली. "ही डबी आरोपीच्या घरून आणली, तेव्हा तुम्ही बरोबर होतात. तिच्याविषयी आणखी काही सांगायचंय?"

मला तेव्हा खात्यातून चौकशीचं पत्र आलेलं होतं: पक्षकाराच्या घरी मुक्काम का केला, याचा खुलासा करावा. त्यात आता सरकारी लाख. सांगलीला आई होती, बहिणीचं लग्न ठरत होतं. हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या मांडून पाहिलं आणि म्हणालो, "नाही."

दुसऱ्या दिवशी डबी कोर्टात वाजवली. कारकुनाने सील तोडलं, खडू घासला. कुक्, कुक्, कुक्, खट्. गावची माणसं मागच्या बाकांवर बसली होती. त्यांच्यातून एक हुंकार निघाला. खोट होती. म्हणजे आत्मोने ऐकली. म्हणजे झुडपाआड माणूस आहे हे ठाऊक असून मारली. बाहेरच्या कोणाला या उचकीचा अर्थ कळला नसता. गावाला कळला, आणि त्या दिवसापासून त्याच्या बाजूने बोलणारं गावात कोणी उरलं नाही.

"तेव्हा नव्हती!" आत्माराम पिंजऱ्यातून ओरडला. "तेव्हा खोट नव्हती!"

"खोट काय, उगवते आणि मावळते?" मोठा वकील म्हणाला. लोक हसले. त्यांत गावचेही होते.

मग सगुण मेस्त्री उभा राहिला. डबी त्याच्या हातात दिली. त्याने झाकण उलटं केलं आणि डोळे मिटून अंगठा खाचेतून फिरवला. एकदा गेला, परत आला, आणि एका कोपऱ्याशी थांबला.

"हय लाख होती," तो म्हणाला. "लाल. वायच शिल्लक आसा."

वकिलाने डबी घेतली, उजेडात धरली, मग टेबलावरचं तुटलेलं सील उचलून तिच्याशेजारी धरलं. "ही लाल? ही तर पंचनाम्याची आहे, मेस्त्री. फौजदारसाहेबांनीच लावली. खटला त्यांच्यावर भरायचा काय?"

पुन्हा हसणं.

"बरं, होती लाख. कोणी भरली?"

मेस्त्रीने मान वर केली. मी साक्ष झाल्यावर तिसऱ्या बाकावर बसलो होतो. आमची नजरानजर झाली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मोजायला मला सुचलं नाही. अर्धा सूत म्हणून मी हसलो होतो, लाखेचा एक थेंब म्हणालो होतो, हे त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. माझ्या तोंडाकडे बघून त्याला उरलेलंही कळलं. पण त्याने लाख भरताना पाहिली नव्हती, आणि न पाहिलेलं तो शपथेवर सांगणार नव्हता.

"माका ठावक नाय," तो म्हणाला. आणि तरीही माझ्याकडेच बघत राहिला. जागा मोकळी करून दिल्यासारखा.

मी पायाकडे पाहिलं.

आत्मारामला जन्मठेप झाली.

मला बरेच दिवस काही सुचेना. शेवटी एका दुपारी मी काडेपेटीत तो लाल तुकडा घातला, काडेपेटी खिशात घातली आणि मेस्त्रीकडे गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो. हे मी आधीही स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

मेस्त्री पडवीत काम करत होता. सुनेने, आत्मारामच्या बायकोने, पाणी आणलं. तांब्या माझ्यापासून दोन हात लांब ठेवला आणि आत गेली.

"मेस्त्री, मला तुमच्याशी बोलायचंय."

"वायच थांबा. हां पुरां करतंय."

तो शिवणीची नवी डबी कोरत होता. मी बसून राहिलो. काम झाल्यावर त्याने हात झटकले, उठला, फळीवरचं मांजरपाटाचं गाठोडं काढलं आणि सोडलं. हाताच्या मळाने काळी झालेली जुनी डबी.

"ही तुमका होयी होती," म्हणाला. "वाजवा."

मी वाजवली. एकदा, पूर्ण. खोट नव्हती. अच्युतच्या डबीला लाख भरल्यावर आला होता तसाच आवाज. आतून सुनेच्या हातून काहीतरी खाली पडलं.

"माझ्या बापाशीन केलली," मेस्त्री म्हणाला. "अशी डबी परत कोणाच्या हातीन झाली नाय. माझो थोरलो भाव ही घेवन बसलेलो, रानाच्या कडेक. बापूस वरसून इलो. तेका ठावक नव्हतां भाव थय आसा म्हणान. आयकल्यान, आणि घातल्यान गोळी."

मी डबी मांजरपाटावर ठेवली.

"करणाऱ्याचेच कान फसले. मगे बापाशीन प्रत्येक डबयेक खाच मारूक सुरवात केल्यान."

"हे तुम्ही त्या दिवशी का सांगितलं नाहीत? अच्युतला, मला?"

"घरातलां मरण गिऱ्हाइकाक सांगतत काय, सायबानू? हात लावू नकात म्हटलंय. दोनदा म्हटलंय."

त्याने नवी डबी माझ्यासमोर ठेवली, झाकण उलटं केलं आणि हातात पटाशी दिली.

"खाच मारा."

"मी?"

"खय मारूची ती तुमका म्हायत आसा. अर्धो सूत."

मी झाकण मांडीवर धरलं. पहिल्यांदा पटाशी घसरली. त्याने माझा पंजा आपल्या पंज्यात घेतला, मुलाला अक्षर गिरवायला शिकवावं तसा, आणि आम्ही दोघांनी मिळून खाच मारली. मग झाकण बसवून त्याने खडू घासला आणि ओढलं. कुक्, कुक्, कुक्, खट्.

पहिल्या वेळेसारखी ती त्याने मधे ठेवली नाही. माझ्या हातात दिली.

"ही तुमची. आता रानात खयव बसा. कोणीव गोळी घालूचो नाय. माणूस म्हणान वळखतले."

माझी बोटं खिशात, काडेपेटीवर होती. "मेस्त्री, ती लाख..."

"अपिलाक अजून अकरा दिवस आसत, वकील म्हणत होतो," तो म्हणाला. त्याने रंधा उचलला होता आणि पाठ माझ्याकडे केली होती. "तुम्ही मोजणीवाले. तुमका मोजूक सांगूक नको."

मी उठलो. अंगणात कोंबडा होता. येताना प्रभुदेसायांच्या बागेवरून आलो. दगड होता तिथेच होता, आंब्याच्या मुळावर.

महिन्याभरात माझी बदली कराडला झाली. मीच अर्ज केला होता. खात्याच्या चौकशीत माझी मोजणी बरोबर निघाली आणि तसा शेरा मिळाला. बहिणीचं लग्न झालं. आत्माराम सहाव्या वर्षी तुरुंगातच काविळीने गेला, हे मला त्या तालुक्यात बदलून गेलेल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. सगुण मेस्त्री त्याच्याआधीच गेला होता. डब्या करणारं आता तिथे कोणी नाही, आणि बंदुकाही सरकारजमा झाल्या.

माझी डबी कपाटात आहे, काडेपेटी तिच्या पोटात. वाजवून पाहिली नाही.

ते अकरा दिवस मात्र मी मोजले. रोज सकाळी, दाढी करताना. एकही चुकला नाही.